चावडी वाचन

रविवारी सकाळी ब्रेड आणायला म्हणून उत्तम खाली उतरला आणि सोसायटीच्या गेटसमोर त्याला स्वतःचा चेहरा दिसला. मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांवर, माणसापेक्षा उंच. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला अक्षता चिकटलेल्या, तोंड भरून हसणारा. वर लाल अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन'. त्याखाली: 'घोडबंदर रोडवर राहून गावची शेती कसणारे, शेतकरी सन्मान निधीच्या प्रत्येक हप्त्याचे मानकरी, भात नुकसानभरपाईचे लाभार्थी, आमचे कष्टाळू शेतकरीदादा'. मग त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आणि सगळ्यात खाली, जणू लग्नपत्रिकेतलं आग्रहाचं निमंत्रण: 'आज गावी चावडी वाचन. शेतकरीदादांनी शेतातून वेळ काढून अवश्य यावे. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ.' त्याच्या मनात सगळ्यात आधी आलं ते असं, की फोटो चांगला आलाय. त्यानंतर त्याने खालची अक्षरं पुन्हा वाचली. तो इकडेतिकडे न बघता बेकरीपर्यंत चालत गेला, ब्रेड घेतला, परत येताना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने आला, आणि दुसऱ्या बाजूने तर तो आणखीच मोठा दिसत होता.

वॉचमनला त्याने सांगितलं, ते काढून टाक. वॉचमन म्हणाला, "साब, बाहर का है. अपने को हाथ नहीं लगाने का." त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, आणि म्हणूनच उत्तमला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लिफ्टच्या दारात सेक्रेटरी रवींद्र भेटले. सायकल घेऊन निघालेले, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटखालून ते हसले आणि म्हणाले, "तांदूळ खाल्लाय हो आम्ही तुमचा. पण स्वतः कसता हे माहीत नव्हतं." उत्तमही हसला. लिफ्टच्या आरशात त्याला स्वतःचं हसू दिसलं, तेच, फेट्याखालचं. गच्चीवर बेकायदा खोली बांधलेला हा माणूस. त्या खोलीचा फ्लेक्स कोणी लावला? सातव्या मजल्यावरचा तो डॉक्टर, अर्धी फी रोखीत घेणारा, त्याचं नाव कोणी वाचलं चौकात? कंपनीत उत्तम परचेस मॅनेजर होता. कोण पुरवठादार कोणाच्या मुलीच्या लग्नात काय देतो हे त्याला वीस वर्षं दिसत होतं, आणि त्यातलं काहीही कधी कुठल्या खांबाला लटकलं नव्हतं. पगार कोणाचा चावडीवर वाचत नाहीत. फक्त शेतकऱ्याच्या नावावर पडलेलं काय ते सगळ्या जगाने बघायचं. सरकारच्या साइटवर गाव निवडलं की कोणीही, अमेरिकेत बसलेलाही, त्याचं नाव बघू शकतो, हे त्याला पूर्वीपासून माहीत होतं. पण जे कोणीही बघू शकतं ते कोणी बघत नाही, यावर त्याचा विश्वास होता.

वर घरात त्याच्या बायकोने, अमृताने, खिडकीतून आधीच बघितलं होतं. ती गॅसकडे तोंड करून उभी होती. "मी म्हटलं होतं, ते पैसे नको घेऊस," ती म्हणाली. "आपण टॅक्स भरतो. आपल्याला ते लागू नाही."

"कधी म्हणालीस?"

"म्हटलं होतं."

"पहिला हप्ता आला तेव्हा शाळेत सांगत सुटलीस, आम्ही पण शेतकरी. पिशव्या कोणी छापून घेतल्या?"

तिने गॅस बारीक केला. पिशव्या तिनेच छापून घेतल्या होत्या. मांजरपाटाच्या, हिरव्या शाईत भाताची लोंबी आणि 'आमच्या शेतातून, प्रेमपूर्वक'. दर दिवाळीला गावाहून तांदळाची पोती यायची आणि बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून ती दोघं तो तांदूळ या पिशव्यांत भरायची. त्याच्या साहेबाला, तिच्या मुख्याध्यापिकेला, रवींद्रना, त्या डॉक्टरला. तांदूळ भरताना हाताला जो भुसा लागायचा तो उत्तमला आवडायचा. त्या दोन तासांत आपण काहीतरी आहोत असं त्याला वाटायचं. पोती आणून टाकणारा देवराम, त्याचा मेहुणा, चहा घेऊन लगेच निघायचा. सोफ्यावर कधी बसला नाही. त्याला बस म्हणायचं राहून जायचं.

फोटो कांताने, त्याच्या बहिणीने, दिला हे उत्तमला पहिल्या क्षणीच कळलं होतं. गुलाबी फेटा तिच्या मुलीच्या लग्नातला. कांताच्या सासरी, मोहन्याच्या हॉलमध्ये, मामा म्हणून त्याला पुढे उभं केलेलं, आणि कांताने मोबाईल आडवा धरून म्हटलेलं, "हास रे जरा. कनाला तोंड पारून उभा?" तो हसला होता, तेव्हा तिच्यासाठी हसला होता. तेच हसू तिने काढून दिलं. गाडीची किल्ली उचलेपर्यंत तो पुरता रागावला होता आणि त्याला ते बरं वाटलं. रागाला निदान वजन असतं. लाजेला नसतं, ती नुसती अंगभर पसरते.

माजिवड्याला उड्डाणपुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या, रविवार असूनही. एसी लावून, काचा वर करून तो बसला आणि मनातल्या मनात कांताशी बोलत राहिला. वाक्यं तयार करत राहिला, मोडत राहिला. बाय, तुला काय कमी केलं? भाताला कधी हात लावला का मी तुझ्या? निम्मा तांदूळ तुझाच ना? हे वाक्य त्याने पुन्हा तपासलं. निम्मा म्हणजे, तीच ठेवेल तो निम्मा आणि ती पाठवेल तो निम्मा. त्याने कधी मोजला नव्हता आणि हा त्याला स्वतःचा मोठेपणा वाटत असे. बियाणं ती आणायची, आवणाची रोपं ती लावायची, देवरामची मोहन्याच्या रेयॉन कंपनीतली नोकरी कंपनी बंद पडल्यावर गेली तेव्हापासून दोघंही त्या शेतावरच असायची. मोहन्याहून रिक्षाने गावी, संध्याकाळी परत. आणि गेल्या वर्षी कापणीच्या तोंडावर पाऊस आला, सगळं भात आडवं होऊन पाण्यात कुजलं, तेव्हा पंचनाम्याला चिखलात उभी होती ती. भरपाई आली ती त्याच्या खात्यात, कारण सातबारावर त्याचं नाव. तिने फोन केला होता. "आली का रे?" तो म्हणाला होता, "बघतो." मग अमृताच्या आईचं ऑपरेशन निघालं. मग राहिलं. मुद्दाम नाही. मुद्दाम केलं असतं तर तो इतका चिडला नसता, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

कल्याण ओलांडून शहाडवरून मोहन्याला आला तेव्हा त्याने सवयीने नाकाशी हात नेला. आता तिथे काही वास नव्हता. लहानपणी होता, रेयॉन कंपनीचा. त्याचे वडील, गोविंदा, तो वास अंगावर घेऊन घरी यायचे, कंपनीची पाळी संपवून, आणि तसेच शेतावर जायचे. आई त्यांचे कपडे वेगळे भिजत घालायची. उत्तम बांधावर पुस्तक घेऊन बसलेला असायचा आणि खाली चिखलात वडील आणि कांता पाठमोरे वाकलेले. त्या दोन पाठी. कधीकधी त्याला वाटे, आपल्याला हाक मारतील. ते कधी मारत नसत. त्याला शिकायला मोकळं ठेवलं होतं, हे लोक कौतुकाने सांगायचे. पण बांधावर बसलेल्या मुलाला ते तसं दिसलं नव्हतं. त्याला दिसलं होतं की त्या दोघांचं तिथे काहीतरी चाललंय, हसताहेत, एकमेकांवर चिखल उडवताहेत, आणि त्यात आपण नाही. तो तेव्हापासून कांताचा दुस्वास करत होता. इतकं स्पष्ट त्याने कधी स्वतःशी म्हटलं नव्हतं. आज माजिवड्यापासून मोहन्यापर्यंत ते आपोआप वर आलं आणि गाडीत शेजारच्या सीटवर बसून राहिलं.

वडील गेल्यावर तो तिला कल्याणच्या निबंधक कार्यालयात घेऊन गेला होता. हक्कसोडपत्र. सगळ्या बहिणी देतात, तिनेही हूं की चूं केलं नाही. कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला तेव्हा मात्र ती म्हणाली, "मना सही येते." आणि तिने सावकाश, एकेक अक्षर दाबत सही केली: कांता गोविंदा. कारकून वैतागला. लग्न झालंय ना, नवऱ्याचं नाव लिहा. नवा कागद काढावा लागला. दुसऱ्यांदा तिने 'कांता देवराम' लिहिलं, आणि पेन ठेवताना उत्तमकडे बघून ती हसली होती, काहीतरी गंमत झाल्यासारखी. त्या हसण्यात काय होतं ते त्याला कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्याने तिला साडीच्या दुकानात नेलं. तिने साडी घेतली नाही. छत्री घेतली.

गावात चावडीसमोर पटांगणात मांडव घातला होता. शहरात राहणाऱ्या खातेदारांनाही यायला जमावं म्हणून मुद्दाम रविवार ठेवला होता म्हणे, पण शहरातून आलेली गाडी त्याची एकट्याचीच. सरपंच शिवराम, त्याचा चुलतभाऊ, खुर्ची घेऊन आला. "ये, शेतकरीदादा," तो म्हणाला. मागे पोरं हसली. बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या आणि त्यांच्यात कडेला कांता, साडीचा काष्टा मारलेला, पायांना वाळलेला चिखल. शेतावरून उठून आली होती. तिने त्याला बघितलं आणि जागची हलली नाही. तोच तिच्याजवळ गेला आणि वाकून, दबक्या आवाजात म्हणाला, "फ्लेक्स तू लावलास?"

"नाय. पोरांनी लावला. फोटो मी दिला."

"का?"

"मागितला म्हणून दिला. तुझा चांगला फोटो माझ्याकडं तेवढाच हाय."

"बाय, माझ्या सोसायटीत राहायचंय मला."

"मग रहा," कांता म्हणाली. "कोन उठवतंय?"

 तो खुर्चीवर जाऊन बसला.

तलाठी मॅडम तिशीच्या होत्या, घसा बसलेला, बाजूला पाण्याची बाटली. त्या उभ्या राहून खातेदारांची नावं वाचत होत्या, एकेका नावापुढे काय मिळालं ते सांगत होत्या आणि विचारत होत्या, कोणाची हरकत? कोणी मेलेला निघत होता, कोणी दुबईला. प्रत्येक नावाला मांडवातून काहीतरी कुजबूज उठत होती. उत्तमला वाटलं, हे लोक भुकेले आहेत, पैशांचे नव्हेत, नावांचे. स्वतःचं नाव येईपर्यंत त्याने चेहरा तयार ठेवला. ते आलं. फ्लेक्सवरच्यासारखंच, वडिलांच्या नावासकट. तो उभा राहिला. मॅडमनी विचारलं, "आयकर भरता?"

"भरतो."

"मग तुम्हाला सन्मान निधी लागू नाही. नाव कमी होईल. घेतलेले परत भरावे लागतील."

"भरतो," तो म्हणाला. "चूक झाली असेल. उद्याच भरतो." हे त्याने फार चांगलं म्हटलं.  इतक्या सरळ उत्तराची कोणी अपेक्षा केली नव्हती. त्याला मोकळं वाटलं, जवळजवळ आनंद झाला. बसायला म्हणून तो मागे वळला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "थांबा. भरपाईचं वेगळं आहे. त्याला आयकराचा प्रश्न नाही. पण गेल्या वर्षीचं पीक कोणी लावलं होतं, हे ग्रामसभेत नोंदवायचंय. हरकत आलीय, की खातेदार शेती करत नाहीत."

"कोणाची हरकत?"

"गावाची," मागून कोणीतरी म्हणालं.

त्याला वकिलाचं वाक्य आठवलं. मागे एकदा या शेताची सहज चौकशी केली होती, शहापूरकडे एक प्लॉट घ्यायचा विचार होता तेव्हा. वकील म्हणाला होता, बाकी काही होऊ दे, वहिवाट दुसऱ्याची आहे असं कागदावर येऊ देऊ नका. बहीण असली तर मुळीच नाही. हक्कसोड झालेलीसुद्धा उद्या कोर्टात उभी राहते. त्याला कांताच्या पायांवरचा चिखल दिसत होता. सगळ्या मांडवाला दिसत होता. त्याच्या बुटांवर काही नव्हतं.

"मीच करतो," तो म्हणाला. "माणसं लावून करतो. नोकरीवाला माणूस आणखी कसं करणार?"

"माणसं म्हणजे कोण?"

 शिवराम जमिनीकडे बघत होता. उत्तमला अजूनही वेळ होता. नंतर कितीतरी दिवस त्याला वाटणार होतं की तो वेळ फार मोठा होता, एक अख्खी दुपार मावेल एवढा, आणि त्यात तो कुठेही वळू शकला असता. त्याला त्या दोन पाठी दिसत होत्या, चिखलात वाकलेल्या, हसणाऱ्या. तो कांताकडे न बघता, तिच्या दिशेने हात करून म्हणाला, "ही येते ना. रोजाने. मजूर आहे."

  तलाठी मॅडमनी बायकांच्या बाजूला वळून विचारलं, "बाई, हे म्हणतात ते बरोबर आहे का? तुम्ही मजुरीवर जाता यांच्याकडे?" त्या गावात नव्या होत्या. ही त्याची सख्खी बहीण, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

कांता उठली. उठताना तिने गुडघ्यावर हात टेकला. ती उत्तमकडे बघत होती, रागाने नाही. लांबून येणारा माणूस ओळखीचा आहे का ते बघावं तशी. "बरोबर हाय," ती म्हणाली. "लिवा."

"कांते," शिवराम म्हणाला.

"लिवा म्हनते ना. मजूर." मग ती उत्तमशी बोलली, पहिल्यांदाच थोड्या मोठ्या आवाजात, "मजुराची आजपासून सुट्टी. अर्धा कापलाय, अर्धा उभा हाय. तुझा तू बघ." सतरंजीवरून पाय बाहेर टाकून तिने चपला घातल्या आणि ती रस्त्याकडे चालू लागली. तिच्या मागोमाग दोघीतिघी बायका उठल्या. मॅडमनी लिहिलं, वाचून दाखवलं, खातेदार स्वतः मजुरांकरवी शेती करतात, हरकत निकाली. पुढचं नाव घेतलं. उत्तम जिंकला होता. हे त्याला कळत होतं, जसं गाडी चालवताना डावीकडचा इंडिकेटर चालू आहे हे कळतं, तसं. मांडवातून बाहेर पडताना त्याने शिवरामला बाजूला घेतलं आणि म्हणाला, कापणीला चार माणसं बघून दे, जो काय रोज असेल तो देतो. शिवरामने खिशातून तंबाखूची पुडी काढली. "सगल्यांची कापनी चालू हाय," तो म्हणाला. "मानूस नाय." उत्तमने आणखी दोघांना विचारलं. त्यांच्याही शेतात कापणी चालू होती, आणि ते दोघंही मांडवात नुसते बसून होते.

शेत नदीच्या अंगाला होतं. गाडी जाईल तिथवर नेऊन तो बांधावरून चालत गेला. अर्ध्या शेतात कापलेलं भात पसरून ठेवलेलं होतं, लोंब्या एकाच दिशेला, नीट. त्यापलीकडे उभं पीक, पिवळं, जड, वाऱ्याने एकमेकांवर घासत होतं. सुंदर होतं. त्याने मोबाईल काढला, दरवर्षी फोटो काढायचा तसा, आणि परत ठेवला. पसरलेल्या भाताजवळ पाण्याची बाटली पडली होती आणि एक फडकं, त्यात अर्धी भाकरी. जेवता जेवता उठून गेली असावी. त्याला भूक लागली होती. त्या भाकरीकडे बघताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. उलट एक जुना, ओळखीचा, चीड आणणारा एकटेपणा आला, बांधावरचा. ठेवून गेली. मुद्दाम ठेवून गेली असेल, मला दिसावं म्हणून. त्याने पायाने फडकं बाजूला सारलं.

तेव्हा त्याला खालच्या अंगाने म्हशी येताना दिसल्या. चार-पाच होत्या, रमतगमत. पहिली बांध चढली आणि उभ्या भातात शिरली, पाण्यात शिरावं तशी. तो धावला. टाळ्या वाजवल्या. "ए, हट," तो म्हणाला, "हट, जा." त्याचा आवाज कॉन्फरन्स रूममधला होता. म्हशीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, तोंडात लोंब्यांचा झुबका, आणि पुन्हा मान खाली घातली. त्याने एक ढेकूळ उचलून मारलं, ते तिच्या पाठीवर फुटलं, तिने कातडं थरथरवलं. दुसरी बांध चढली. त्याला आणखी जवळ जायची भीती वाटली आणि ती भीती कोणी बघतंय का, म्हणून त्याने वर बघितलं. पलीकडच्या बांधावर एक म्हातारी बसली होती, काठी मांडीवर आडवी. रंगूबाई. मघाशी मांडवात बायकांमध्ये होती. कांतामागे उठून गेलेल्यांतली.

"म्हशी आवरा की," तो ओरडला. "भात खाताहेत."

रंगूबाईने कपाळावर हात आडवा धरला. "कोनाचा शेत ह्यो?" तिने विचारलं.

"माझं आहे."

"तुझा व्हय? मना वाटला कांताचा." ती बसल्या जागी थोडी सावरून बसली. काठी हातात घेतली, पण उठली नाही. "कांताच्या शेतात मी नाय सोरत म्हशी. कांताचा असल तर बोल, आथाच्या आथा हाकलते."

वाऱ्याने सगळं पीक एकदम एका बाजूला कललं आणि उभं राहिलं. तिसरी म्हैस आता बांधावर होती, पुढचे पाय शेतात, आणि थांबली होती. तीही वाट बघत असावी असं वाटावं. एक शब्द होता: कांताचा. बोलायला काही लागत नव्हतं, तिथे तलाठी नव्हती, लिहिणारं कोणी नव्हतं, ऐकणारी एक म्हातारी. तो शब्द त्याच्या जिभेवर आलासुद्धा. नाव म्हणून, लहानपणी हाक मारायचा तसं. त्याला त्याची चव लागली आणि तो घाबरला.

"माझं आहे," तो दुसऱ्यांदा म्हणाला, मोठ्याने.

रंगूबाईने मान हलवली, बरं, अशा अर्थाने. काठी पुन्हा मांडीवर आडवी ठेवली आणि ती नदीकडे बघत बसली. तिसरी म्हैस आत शिरली, मग चौथी.